‘दुखत नाय, मग कित्याक जावचा?’ : वयस्कर माणसं दाताच्या डॉक्टरकडे का येत नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबा ७१ वर्षांचे, आई ६४ ची, दोघं मालवणजवळच्या गावी. बाबांच्या खालच्या दोन दाढा हलतात, आई वर्षभर एकाच बाजूने चावतेय. तुम्ही ठाण्यात. फोनवर विषय काढला की बाबा म्हणतात, ‘गणपतीनंतर बघू’, आणि आई म्हणते, ‘माका काय झाला नाय’. तुम्ही विचारलंय की ही माणसं एवढी घाबरतात कशाला, आणि गणपतीला दहा दिवस गावी आलात की जबरदस्तीने नेऊन सगळं एकदाच उरकून टाकावं का.

मी याच पट्ट्यात बरीच वर्षं दाताची प्रॅक्टिस करते. तुमच्या आईबाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे कोणती दाढ राहील आणि कोणती जाईल हे इथे बसून सांगणार नाही. हलणारी प्रत्येक दाढ काढावी लागते असं नाही, आणि प्रत्येक वाचते असंही नाही. ती किती हलते, मुळाभोवती हाड किती उरलंय, रक्तातली साखर किती आहे, यावर ते ठरतं. पण माणसं का टाळतात याबद्दल मला जरा ठामपणे बोलायचंय.

भीती आहेच. पण माझ्याकडे येणाऱ्या साठीपुढच्या माणसांत नुसत्या सुईला घाबरणारे थोडे. यातल्या बायकांनी घरच्या घरी बाळंतपणं काढलीत, पुरुषांनी माडावरून पडून हात मोडून घेतलेत. त्यांना धास्ती असते ती खुर्चीत बसल्यावर जे सुरू होईल त्याची. किती फेऱ्या होणार, किती पैसे लागणार, कोण आणणार-नेणार, आणि एवढं करून दात राहणार का. यातलं काहीच आधी कळत नाही. ज्याचा शेवट दिसत नाही अशा कामात हात घालायचा नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाळलेलं असतं, आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरही ठरलेलं असतं.

दुसरं म्हणजे त्यांचा अनुभव. त्यांच्या पिढीत दाताच्या डॉक्टरकडे जायची वेळ फक्त गाल सुजला की यायची. गेलं की दात काढला जायचा. त्यामुळे ‘दाताचा डॉक्टर’ म्हणजे ‘दात काढणारा’ हे समीकरण डोक्यात पक्कं आहे. सत्तरच्या दशकात आमच्याकडच्या तालुक्याच्या गावात ज्यांनी दात कोरून घेतलाय त्यांना पट्ट्यावर फिरणारं, घरघरणारं, सगळी कवटी हादरवणारं मशीन आठवतं, आणि पाण्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरलेली जाड सुई आठवते. हवेवर चालणारं वेगवान मशीन जगात १९५७ मध्ये आलं, पण आपल्याकडे छोट्या गावांत पोचायला फार उशीर झाला. आज सुई बारीक असते, एकदा वापरून फेकतात. पण हे त्यांना सांगून पटत नाही, कारण आठवण अंगावरची असते.

त्यात एक गंमत अशी आहे, म्हणजे गंमत कसली, गोचीच, की उशिरा आलेल्या माणसाला खरंच जास्त दुखतं. बधिर करायला आम्ही जे लिग्नोकेन वापरतो ते १९४८ पासून बाजारात आहे आणि चांगल्या जागी उत्तम काम करतं. पण जिथे पू झालाय, सूज आहे, तिथला भाग आम्लधर्मी होतो आणि तिथे हेच औषध नीट लागू पडत नाही. म्हणजे ज्याने दोन वर्षं टाळलं आणि शेवटी सुजलेल्या गालाने आला, त्याला सुई देऊनही थोडं कळतंच. तो घरी जाऊन शेजाऱ्याला सांगतो, ‘सुई मारली तरी जीव गेला माझा.’ शेजारी आणखी दोन वर्षं टाळतो. वेळेत आलेल्याला सहसा फारसं दुखत नाही, पण ती गोष्ट कुणी वाडीभर सांगत फिरत नाही.

आता ‘दुखत नाही’ याकडे येऊ, कारण तुमच्या आईचं उत्तर तेच आहे आणि ते खोटं नसेल.

किडलेली दाढ ठणकायला लागते. रात्र रात्र झोप नाही. मग लवंगेचं तेल, मिठाचं कोमट पाणी, मेडिकलमधून आणलेली गोळी. आठ-दहा दिवसांत ठणका आपोआप थांबतो. माणूस खूश, म्हणतो कीड मेली. प्रत्यक्षात मेलेली असते दाताची नस. ती जिवंत होती तोवर ओरडत होती, आता ओरडायला कुणी नाही. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी, हाडात जाऊन बसतात आणि महिनोन्‌महिने गप्प राहतात. चावताना ती दाढ जरा उंच वाटते, हलकीशी कळ येते, म्हणून माणूस नकळत दुसऱ्या बाजूने खायला लागतो. तुमची आई वर्षभर एका बाजूने चावतेय याचा अर्थ बहुधा असाच काहीतरी आहे. कधी कधी हिरडीवर बारीक पुळी येते, फुटते, परत येते. तिच्यातून पू वाहून जात असतो म्हणून दुखत नाही, एवढंच.

हिरड्यांचा आजार, ज्याला सगळे पायोरिया म्हणतात, तो तर बहुतेक वेळा दुखतच नाही. घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात लांबट दिसायला लागतात, मग फटी पडतात, मग हलतात. हे दहा-पंधरा वर्षं सावकाश चालतं. बाबांच्या दाढांचं हेच असण्याची शक्यता जास्त. ‘वय झालं, आता दात पडायचेच’ हा समज यातूनच आलाय. नुसत्या वयाने दात पडत नाहीत. नव्वदीत स्वतःच्या दातांनी सुरमईची तुकडी खाणारे आजोबा माझ्याकडे येतात.

पैशांचं आणि फेऱ्यांचं बोलू, कारण घरात ते उघड कुणी बोलत नाही. रूट कॅनाल म्हणजे दोन-तीन फेऱ्या, वर कॅप. पूर्ण कवळी म्हणजे चार-पाच फेऱ्या. एसटीचं तिकीट हा आता प्रश्न राहिलेला नाही. बाबांना ज्येष्ठ म्हणून अर्धं, आईला महिला म्हणून अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडली की २०२२ पासून फुकट. प्रश्न गाडीच्या वेळेचा आहे. सकाळची गाडी पकडून तालुक्याला यायचं, दवाखान्यात दोन तास बसायचं, दुपारची परतीची चुकली की संध्याकाळपर्यंत स्टँडवर. घरी गुरं असतात, कोंबड्या असतात, लावणीचे दिवस असले तर विचारायलाच नको. आमच्याकडे ट्रॉलरवरचे खलाशी जून-जुलैची मासेमारी बंदी असते तेव्हाच दात दाखवायला येतात, एरवी नाव काढत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे.

आणि मेडिक्लेम असला तरी दातांचा नेहमीचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. म्हणजे पैसे मुलाच्या खिशातून. ‘मुलग्याच्या डोक्यावर घराचं कर्ज, त्यात माझ्या दातांची भर कशाला’ हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं, पण मुलगा खोलीबाहेर गेल्यावर. तुमच्यासमोर ते ‘काय झाला नाय’ होऊन येतं. एक आजी तर मला म्हणाल्या, ‘ह्या वयात दात लावन काय लगीन करूचा आसा?’ आम्ही दोघी हसलो. पण त्या तेव्हा सकाळ-संध्याकाळ फक्त पेज खात होत्या. सुनेला वाटत होतं सासूबाईंना पेज आवडते.

यानंतरचं कारण घरातल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. लाज. मागे साठीच्या एक बाई आल्या होत्या. आल्या आल्या गुडघ्याचं सांगितलं, मग बीपीचं. तोंड उघडायची वेळ आली तेव्हा पदर तोंडावर. वर्षानुवर्षांची मशेरी. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला काळा थर, आणि मशेरी जिथे लावायच्या तिथे ओठाच्या आत पांढरट, सुरकुतलेली कातडी. हिरड्या मात्र लालबुंद, सोलवटलेल्या. विचारलं तर कळलं, सकाळी मीठ घेऊन खसाखसा घासून आल्या होत्या. ‘तू बोलशील म्हणान येवक नाय गो बाय इतकी वर्सा.’ डॉक्टर झापेल म्हणून दात स्वच्छ करून दवाखान्यात यायचं, आणि तेवढे स्वच्छ होत नाहीत म्हणून यायचंच नाही. पान, तंबाखू, गुटखा खाणाऱ्या पुरुषांचंही हेच. त्यांना तोंडात काहीतरी बदललंय हे कळत असतं आणि त्याचं नाव ऐकायचं नसतं. मी पहिल्या दिवशी मशेरीवर भाषण देत नाही. यामुळे काय होऊ शकतं ते एकदा स्पष्ट सांगते, डाग दिसला तर तपासणीला पाठवते, आणि दुसऱ्या वेळी परत विषय काढते. ओरडलं की तो माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि तोंडातल्या डागावर नजर ठेवायची तर तो परत यायलाच हवा.

समजुती पण आहेत, त्या भराभर सांगते. वरचा दात काढला की नजर जाते: नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. दात काढायची वेळ आणि चष्मा लागायची वेळ एकाच वयात येते, एवढाच संबंध. दात साफ केले की हलायला लागतात: यात थोडं तथ्य वाटतं, कारण खडूसारखा कडक झालेला थर काढल्यावर फटी उघड्या पडतात, काही दिवस शिवशिवतं, आणि हलणारा दात जास्त हलल्यासारखा वाटतो. पण जुन्या गडग्यात शिरलेली मुळं उपटली की दगड हलताना दिसतात, म्हणून गडगा मुळांच्या जिवावर उभा होता असं होत नाही. बीपी असलं की दात काढता येत नाही: बीपी आटोक्यात असलं की येतो.

मधुमेह असेल तर मात्र वेगळा विचार करावा लागतो, आणि इथे तुमचा मुलगा म्हणून उपयोग आहे. साखर वाढलेली असली की हिरड्या बिघडतात आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट हिरड्या बिघडलेल्या असल्या की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. सकाळची वेळ घ्या, बाबांनी नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊन यावं. उपाशीपोटी आणू नका. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. साधा दात काढायला ती बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही, आणि थांबवायची तर तो निर्णय ज्याने गोळी दिली त्या डॉक्टरचा. आईला हाडं ठिसूळ होतात म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन कुणी दिलं असेल, तर ते दात काढण्याआधी सांगायलाच हवं, कारण अशा औषधांनंतर क्वचित जबड्याचं हाड भरून यायला अडचण होते. नावं पाठ करायची गरज नाही. घरातली सगळी औषधांची पाकिटं एका पिशवीत घालून आणा.

आता गणपतीच्या दहा दिवसांचं. सगळं एकदाच उरकायचा बेत सोडून द्या. त्या दिवसांत सगळे चाकरमानी आईवडिलांना घेऊन येतात, आमच्याकडे बसायला जागा नसते, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मोदक समोर असताना दात काढून घ्यायला कोण तयार होईल. शिवाय कामच दहा दिवसांत बसत नाही. दात काढल्यावर हिरडी आणि हाड आकसत जातं. पक्की कवळी करायची तर साधारण दोन-तीन महिने थांबलेलं बरं. लगेच बसवायची कवळी असते, पण ती पुढे सैल होते आणि पुन्हा अस्तर घालून घ्यावी लागते, हे आधी सांगितलेलं नसलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं. घाईत केलेल्या कितीतरी कवळ्या आमच्याकडच्या घरांत पेल्यातल्या पाण्यात पडून आहेत. मुलगा मुंबईला परत गेला, टोचायला लागली, दुरुस्तीला नेणारं कुणी नाही. काही जण काचपेपरने घासून बघतात, मोडली तर फेव्हिक्विकने चिकटवून घालतात. त्यातली कुणी मला दाखवलीच तर मी आधी हसू दाबते आणि मग ती कवळी काढून घेते.

त्यापेक्षा असं करा. यायच्या आधी फोन करून विसर्जनानंतरच्या एखाद्या दिवसाची सकाळची वेळ घ्या आणि डॉक्टरला स्पष्ट सांगा की आज फक्त बघायचंय, काही करायचं नाही. आईबाबांनाही तेच सांगा, आणि ते पाळा. ‘आलोच आहोत तर दात काढून टाकू’ असं ऐनवेळी तुम्ही किंवा डॉक्टर, कुणीच म्हणायचं नाही. पहिल्यांदा खुर्चीत तुम्ही बसा. तुमचे दात बाबांच्या देखत तपासून होऊ देत, तुम्हालाही दोन-चार वर्षांत कुणी बघितलेलं नसणारच. त्यानंतर बाबा बहुतेक वेळा स्वतःहून बसतात. आईला आत एकटीला जाऊ द्या. तिने मशेरी लावत असल्याचं तुम्हाला कधी सांगितलं नसेल, मला सांगेल.

एक्स-रे निघाला की डॉक्टरकडे कागदावर लिहून मागा: आता काय करायलाच हवं, वर्षभर काय थांबू शकतं, आणि काय नाही केलं तरी चालेल. प्रत्येकापुढे फेऱ्या आणि पैसे. मी स्वतः असाच कागद देते, आणि बहुतेकांच्या चेहऱ्यावरचा ताण तो वाचताना उतरतो, कारण तिसरा भाग त्यांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. पडलेली प्रत्येक दाढ परत बसवावी लागत नाही. जपानमध्ये १९८९ पासून एक मोहीम चालू आहे, ८० व्या वर्षी स्वतःचे २० दात टिकवायचे. ३२ नाही, २०. तेवढ्यावर माणूस जवळजवळ सगळं खाऊ शकतो. म्हणून ‘इम्प्लांटच करा, नाहीतर काही उपयोग नाही’ असं पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं तर दुसऱ्या एखाद्याचं मत घ्या. पैशांची फारच ओढाताण असेल तर जिल्हा रुग्णालयाच्या दंतविभागात दाखवा, वेळ लागतो पण काम होतं. आणि आठवड्याच्या बाजारात स्टूल टाकून ‘फिक्स दात’ बसवणाऱ्याकडे कृपा करून नेऊ नका. तो दोन्ही बाजूंच्या चांगल्या दातांना तार गुंडाळून हिरडीवर प्लास्टिक थापतो, खाली अन्न कुजतं, आणि एका दाताच्या जागी तीन जातात.

काम सुरू करायचं ते भातकापणी आटोपल्यावर. दिवाळीनंतर बाबांना वेळही असतो आणि गणपतीत काढलेला कागद घरात असतोच. दर वेळी तुम्ही यायला हवं असं नाही. नेणारा एक भाचा किंवा शेजारचा रिक्षावाला ठरवून ठेवा आणि त्याचे पैसे तुम्ही परस्पर द्या, म्हणजे ‘कोण नेणार’ हा मुद्दा संपला.

बोलताना दातांपासून सुरुवात करू नका, जेवणापासून करा. आणि दहा जणांच्या पंगतीत नको. काजू खाता का अजून, ओल्या खोबऱ्याची कातळी चावते का, भाकरी कुसकरून कालवणात भिजवावी लागते का, माशातला काटा जिभेला नीट सापडतो का. जेवताना नुसतं बघितलंत तरी कळेल. बाबांनी गेल्या वर्षभरात काय काय खायचं सोडलं त्याची यादी आईकडे तयार असते, आणि आईने काय सोडलं हे कुणालाच माहीत नसतं.

राहिली जबरदस्ती. हलणाऱ्या दाढेसाठी करू नका. त्यांनी सहा महिने आणखी घेतले तर दाढेचं नुकसान होईल, पण ओढून नेलंत तर ते पुढची दहा वर्षं येणार नाहीत. मात्र काही गोष्टी दिसल्या तर ऐकून घ्यायचं नाही. गाल किंवा जबड्याखाली सूज आणि सोबत ताप, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतोय: त्याच दिवशी न्यायचं, रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये. तोंडातली जखम किंवा फोड दोन आठवडे उलटूनही भरला नाही, गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा अथवा लाल चट्टा आहे, मानेला गाठ लागतेय, खालचा ओठ विनाकारण बधिर झालाय, पूर्वी तीन बोटं उघडणारं तोंड आता दोनच उघडतं: हे दुखत नसलं तरी दाखवायचंच. आज संध्याकाळी फोन कराल तेव्हा आईला एवढं एकच विचारा, आणि बाबांचं तोंड तिला बॅटरी लावून बघायला सांगा. यातलं काही निघालं तर गणपतीपर्यंत थांबू नका.